खडकवासल्याच्या वाटेवर मुरगळलेला घोटा : डेक्कनवरील एका फिजिओथेरपी केंद्राचे परीक्षण

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत निवड झालेल्या, किंवा अंतिम गुणवत्ता यादीची वाट पाहत असलेल्या मुलाला ऐन वेळी खेळात दुखापत झाली, की घरातील प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न येतो : किती दिवसांत बरे होईल? ज्या केंद्राचे हे परीक्षण आहे, तेथील फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत हा प्रश्न बाजूला ठेवला आणि दुसरा विचारला, तो असा की, हा पाय जानेवारीपासून रोज काय काय करणार आहे? पुढच्या सगळ्या उपचाराची दिशा त्या प्रश्नाने ठरली, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहिण्याची इच्छा झाली. केंद्र पुण्याच्या डेक्कन परिसरात आहे. त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण या लेखात आधीच्या एका केंद्राविषयी तक्रारही आहे, आणि एकाचे नाव लिहून दुसऱ्याचे झाकणे मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय पुढे जे निकष आले आहेत, ते हाताशी असले तर वाचकाला आपल्या भागातील केंद्र स्वतःच पारखता येईल.

माझा भाचा सातारच्या सैनिक स्कूलचा विद्यार्थी. १९६१ साली सुरू झालेल्या, देशातील या पहिल्या सैनिक स्कूलमधून दरवर्षी मुले खडकवासल्याला जातात, त्यामुळे लेखी परीक्षा, सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची मुलाखत आणि त्यानंतरची वैद्यकीय तपासणी या टप्प्यांची त्याला नीट कल्पना होती. हे सर्व टप्पे पार पडल्यावर, यादी लागायच्या आधी, नवरात्रात गावच्या मैदानावर तो कबड्डी खेळला. चढाईवरून परतताना कोपऱ्यातल्या खेळाडूने त्याचा डावा घोटा पकडला, शरीर मध्यरेषेकडे आणि पाऊल मागे अशी ओढाताण झाली, आणि पाऊल आतल्या बाजूला दुमडले. कबड्डीतील घोट्याच्या दुखापतींचा हा अगदी ठरलेला प्रकार आहे. अशा वेळी घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा, नडगीशेजारच्या बारीक हाडाला पावलाच्या हाडाशी बांधून ठेवणारा पुढचा लिगामेंट सर्वांत आधी ताणला किंवा फाटला जातो.

अस्थिरोगतज्ज्ञांनी जे केले त्याबद्दल काहीच तक्रार नाही. घोटा मुरगळल्यावर एक्स-रे हवा की नको, हे ठरवण्यासाठी १९९२ साली कॅनडात मांडले गेलेले ओटावा नियम जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये, किंवा टोकावर दाबल्यावर दुखते का, आणि रुग्णाला चार पावले टाकता येतात का, हे त्यात पाहिले जाते. भाच्याला चार पावले टाकता येत नव्हती, म्हणून एक्स-रे काढला, हाड शाबूत निघाले, लिगामेंट अर्धवट फाटल्याचे निदान झाले आणि सूज उतरल्यावर फिजिओथेरपी सुरू करण्याचा सल्ला मिळाला.

येथून पुढे दोन केंद्रांचा अनुभव आहे. पहिले केंद्र आमच्या घराजवळ, वातानुकूलित, चकचकीत आणि वेळ पाळणारे होते. तेथे पूर्ण पॅकेजचे पैसे आधी घेतले गेले आणि त्यानंतर प्रत्येक भेटीत भाच्याला पलंगावर झोपवून घोट्याला विजेच्या उपचाराचे पॅड लावणे, अल्ट्रासाउंडचे यंत्र फिरवणे आणि शेवटी बर्फ ठेवणे, एवढेच होत राहिले. घोट्याच्या ताज्या मुरगळीवर अल्ट्रासाउंडचा म्हणण्यासारखा फायदा होत नाही, हे वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात नोंदलेले आहे. तरीही आपल्याकडे ते यंत्र म्हणजे फिजिओथेरपी, अशी रुग्णाची आणि पुष्कळदा केंद्राचीही समजूत दिसते. पायावर भार देणारा एकही व्यायाम त्या काळात झाला नाही. लंगडणे थांबले, सूज उतरली, दुखेनासे झाले, तेव्हा 'आता पळायला हरकत नाही' असे सांगून त्याला मोकळे करण्यात आले. तो तळजाईवर पळायला गेला, उतारावर एका दगडावरून पाऊल पुन्हा आत वळले आणि घोटा पहिल्याइतकाच सुजला.

तोपर्यंत दिवाळी तोंडावर आली होती आणि रुजू होण्याची तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातील होती. माझी ताई साताऱ्याहून रोज फोन करून विचारी, 'अरे, एवढ्या जवळ येऊन हे काय होऊन बसलं?' भाच्याच्याच एका वर्गमित्राने डेक्कनवरच्या केंद्राचे नाव सुचवले. इमारत जुनी, केंद्र दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. पायाच्या दुखापतींवर काम करणाऱ्या केंद्राने ही जागा का निवडावी, हे कोडे मला अखेरपर्यंत सुटलेले नाही. आत मात्र पलंग दोनच होते आणि उरलेल्या जागेत रबरी फरशी, लाकडी पायऱ्या, वजने, भिंतीवर चिकटवलेली मोजपट्टी आणि आरसा. यंत्रे कोपऱ्यात झाकून ठेवलेली होती. या मांडणीवरूनच तेथील कामाच्या पद्धतीचा अंदाज आला.

पहिली तपासणी तासभर चालली. बाईंनी आधी घोट्याला हात न लावता माहिती घेतली : आजवर हा घोटा किती वेळा मुरगळला, त्या दिवशी मैदान मातीचे होते की मॅटचे, अनवाणी होतास की बुटांत, रात्री दुखते का, यापूर्वी नडगीत कधी दुखले आहे का. त्यानंतर मोजमापे झाली, आणि प्रत्येक मोजमाप दोन्ही पायांचे झाले. भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजायचे, या साध्या चाचणीत डाव्या पायाचे अंतर उजव्यापेक्षा ४ सेंटिमीटरने कमी भरले. म्हणजे वेदना गेली तरी सांधा पुरता वाकतच नव्हता. एका पायाच्या चवड्यावर उठण्याच्या चाचणीत उजव्या पायाने सहज २५चा आकडा गाठला, तर डावा निम्म्यावर थांबला. डोळे मिटून एका पायावर उभे राहायला सांगितले तेव्हा डावा पाय काही क्षणांतच डगमगू लागला, आणि भाच्याच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास प्रथमच उतरलेला मी पाहिला.

यामागचे कारण बाईंनी ज्या भाषेत सांगितले ती मला आवडली. लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नव्हे, त्यात सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारे संवेदक असतात. दुखापतीत त्यांचीही हानी होते, आणि पाऊल वाकडे पडत आहे ही खबर उशिरा पोहोचली, की पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू वेळेवर आवळले जात नाहीत. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता अधिक असते, ती यामुळे. हा दोष झोपून घेतलेल्या कोणत्याही शेकाने भरून येत नाही, तो तोल सांभाळण्याच्या सरावानेच भरून काढावा लागतो.

यानंतर, जानेवारीपासून हा पाय रोज काय काय करणार, हा तो प्रश्न आला, आणि तो विचारताना बाईंना प्रबोधिनीतील दिनक्रमाची चांगली माहिती असल्याचे जाणवले. पहिल्या टर्मच्या कॅडेटला सकाळचा पी.टी., मग कवायत, वर्गांसाठी सायकलवरून जाणे किंवा पळत जाणे, संध्याकाळचे खेळ, आणि या सगळ्यावर शिक्षा म्हणून होणारी धावाधाव, असा भार जवळपास रोज असतो. विश्रांतीचा दिवस स्वतः निवडण्याची सोय नसते. कवायतीत टाच जोराने जमिनीवर आपटायची असते, आणि ती बुटांसह. घरी आठवड्यातून तीनदा पळणाऱ्या मुलाच्या पायांवर हा भार एकदम पडला, तर बळी जाईल ते घोट्याऐवजी नडगीचे किंवा तळपायाचे हाड. नव्या भाराला तोंड देताना हाड आधी जुना भाग झिजवते आणि मग नवा घालते, त्यामुळे मधल्या काही आठवड्यांत ते उलट थोडे कमकुवत असते. नव्या भरतीच्या सैनिकांत प्रशिक्षणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच हाडाला सूक्ष्म तडे जातात, ते म्हणूनच. ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्याने सैनिकांच्या पायांतील या दुखण्याचे वर्णन १८५५ साली, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या चाळीस वर्षे आधी, केलेले आहे. इतका जुना प्रश्न असूनही अकादमीला निघालेल्या मुलांच्या घरी त्याची चर्चा क्वचितच होते. तेथे चर्चा असते ती पुल-अप्सची.

म्हणून उपचाराचा आराखडा दोन पदरी होता. घोट्यासाठी रोज तोल आणि ताकदीचे व्यायाम : आधी सपाट जमिनीवर, मग उशीवर, मग एका पायावर उभे राहून भिंतीवर चेंडू मारत, त्यानंतर दोरीवरच्या उड्या, एका पायावरच्या उड्या आणि शेवटी दिशा बदलत पळणे. याच्या जोडीला नडगीच्या हाडासाठी चालणे आणि पळणे यांचा आलटून-पालटून हळूहळू वाढवलेला कार्यक्रम. प्रत्येक टप्प्याला अट एकच होती : दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पाऊल टाकताना घोटा आखडलेला असेल, किंवा सूज वाढलेली असेल, तर पुढच्या टप्प्याला जायचे नाही. भाच्याला हे जड गेले. सातारच्या मुलाला पळू नको असे सांगणे सोपे नसते, आणि दिवाळीत मित्रांबरोबर सिंहगड चढण्याचा त्याचा बेत बाईंनी सपशेल मोडीत काढला तेव्हा तो घरी येऊन चिडचिड करत होता. 'मामा, चढताना तर काहीच दुखत नाही,' असे त्याचे म्हणणे. गड उतरताना थकलेल्या पायाला प्रत्येक पावलावर ब्रेक लावावा लागतो आणि दगड हलते असतात, हे त्याला बाईंनी दुसऱ्या भेटीत लाकडी पायरीवरून वीस-पंचवीस वेळा सावकाश उतरायला लावून पटवले.

पळण्याची जागाही ठरवून दिली होती. सुरुवात सारसबागेसमोरच्या सणस मैदानाच्या सिंथेटिक ट्रॅकवर, कारण तेथे पृष्ठभाग एकसारखा असतो. मात्र ट्रॅकवर एकाच दिशेने फेऱ्या मारत राहिल्यास वळणावर एकाच पायावर तिरका भार येतो, म्हणून सरळ पट्ट्यात पळून वळणावर चालायचे. मग डांबरी रस्ता, आणि सर्वांत शेवटी, तोलाच्या चाचण्या नीट पार पडल्यावर, वेताळ टेकडीची पायवाट. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अधिसूचनेत रुजू होणाऱ्या उमेदवारांना १५ मिनिटांत २.४ किलोमीटर धावणे, दोरीवरच्या उड्या, किमान २० जोर आणि तितकेच सिट-अप्स, किमान ८ चिन-अप्स आणि ३ ते ४ मीटर दोरी चढणे, एवढ्या तयारीनिशी येण्याचा सल्ला दिलेला असतो. बाईंनी तो कागद मागून घेतला, भिंतीवर लावला आणि प्रत्येक ओळीसमोर आज काय जमते ते पेन्सिलने लिहिले. दोरी चढून खाली उडी मारण्याचा सराव त्यांनी वेगळा करून घेतला, कारण उंचावरून दोन्ही पायांवर उतरताना भाचा नकळत उजव्या पायावर अधिक भार घेत होता. हे कोणा प्रशिक्षकाच्या लक्षात आले असते असे मला वाटत नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस त्याला कॅम्पातून लष्करी पद्धतीचे जड बूट आणायला सांगितले गेले. ते घालून आधी घरात, मग सोसायटीच्या आवारात चालायचे, आणि मग केंद्रात येऊन टाच आपटण्याचा सराव आरशासमोर, मोजक्या वेळा करायचा. रुजू झाल्यावरच प्रथम बूट घालणाऱ्या मुलांच्या टाचा सोलवटतात, आणि मग ती तिरकी चालू लागतात, आणि तिरक्या चालीतून घोटा पुन्हा अडचणीत येतो, अशी त्यामागची साखळी आहे.

ब्रेसविषयी, म्हणजे घोट्याला आधार देणाऱ्या पट्ट्याविषयी, बाईंचे मत स्पष्ट होते. नाडीने आवळण्याचा घोट्याचा ब्रेस किंवा चिकटपट्टी यांमुळे एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण कमी होते, याला चांगला आधार आहे. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या मऊ ताणल्या जाणाऱ्या मोज्याकडून तेवढी अपेक्षा करू नये. पळताना आणि खेळताना ब्रेस वापरायचा, घरात व व्यायामाच्या वेळी काढायचा, आणि बूट घालण्याचा टप्पा येईपर्यंत त्याची सवय कमी करायची. केंद्रातही ब्रेस विक्रीस होते, पण त्यांनी आपणहून सांगितले की टिळक रस्त्याच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत तोच प्रकार स्वस्त मिळेल, आणि तसा तो मिळाला.

आता प्रमाणपत्राची गोष्ट. ताईला वाटत होते की 'मुलगा पूर्ण तंदुरुस्त आहे' असे पत्र केंद्राने लेटरहेडवर द्यावे. बाईंनी ते नम्रपणे पण ठामपणे नाकारले. लष्करी सेवेसाठी कोण पात्र हे ठरवण्याचा अधिकार लष्करी वैद्यकीय मंडळाचा आहे, आम्ही फक्त मोजमापे देऊ शकतो, असे त्यांचे उत्तर होते, आणि त्यांनी पहिल्या व अखेरच्या तपासणीतील सर्व आकडे, एक्स-रेचा निष्कर्ष आणि उपचारांचा गोषवारा असा दोन पानांचा अहवाल दिला. अखेरच्या तपासणीत एका पायावरच्या लांब उडीत डावा पाय उजव्याच्या ९० टक्क्यांपुढे गेला होता. खेळाडूला मैदानावर परत पाठवताना सामान्यतः हीच मर्यादा धरतात. दुखापत लपवण्याविषयी कोणी विचारण्याआधीच त्यांनी भाच्याला बजावले की आरोग्याविषयी विचारले जाईल तेथे हे खरे सांगायचे, कागद सोबत ठेवायचा, आणि कोणत्याही चाचणीपूर्वी वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, कारण गोळीने इशारा बंद होतो आणि इजा चालूच राहते. ताईला हे फारसे रुचले नाही. मला मात्र त्या नकारामुळेच अहवालातील बाकीच्या ओळींवर विश्वास ठेवावासा वाटला.

या सावधगिरीला एक गंभीर संदर्भ आहे, जो प्रवेशाच्या आनंदात बाजूला राहतो. प्रशिक्षणात दीर्घकाळ गैरहजर राहिलेल्या कॅडेटला एक टर्म, म्हणजे सहा महिने, मागे ठेवले जाते. आणि दुखापत कायमची ठरली तर त्याला वैद्यकीय कारणावरून बाहेर पडावे लागते. कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळण्यापूर्वीच बाहेर पडल्यामुळे अशा मुलांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. त्यांच्या हालअपेष्टांची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे या विषयाची व्यापक चर्चा झाली. कच्चा घोटा घेऊन मुलाला आत ढकलण्यापूर्वी पालकांनी हा भाग वाचून ठेवावा असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

केंद्रात भेटलेल्या इतर मुलांवरूनही कामाची पद्धत कळली. वैद्यकीय तपासणीत तात्पुरता अपात्र ठरून अपील मंडळापुढे जाणारा एक मुलगा गुडघे एकमेकांना लागत असल्यामुळे अडला होता, आणि कुठल्याशा जाहिरातीवर विसंबून 'व्यायामाने गुडघे सरळ' होतील अशी त्याची आशा होती. बाईंनी त्याला माझ्यासमोर सांगितले की मांडीवरची चरबी कमी झाल्याने आणि उभे राहण्याची सवय सुधारल्याने मोजमापात थोडा फरक पडला तर पडेल, पण या वयात हाडाचा आकार व्यायामाने बदलत नाही, आणि त्यासाठी मी तुझ्याकडून पैसे घेणार नाही. तो मुलगा उदास होऊन गेला, आणि केंद्राने एक ग्राहक गमावला.

मुलींच्या बाबतीत तेथे आणखी एक दक्षता घेतली जाते. २०२२ पासून प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळू लागला, आणि मे २०२५ मध्ये त्यांच्यातील पहिल्या १७ जणी दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. साहजिकच आता तयारी करणाऱ्या मुलीही या केंद्रात येतात. नडगी दुखते म्हणून आलेल्या मुलीला बाई पाळी नियमित आहे का, वजन घटवण्यासाठी जेवण कमी केले आहे का, हे आधी विचारतात, आणि शंका आली तर पळणे थांबवून डॉक्टरांकडे पाठवतात. खाणे कमी आणि व्यायाम जास्त असे झाले की पाळी बिघडते, आणि त्याबरोबर हाडही ठिसूळ होते. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पसरलेले दुखणे आणि बोटाने दाखवता येईल अशा एकाच बिंदूवरचे दुखणे, यांतील फरकही त्या प्रत्येकाला शिकवतात. दुसऱ्या प्रकारात हाडाला तडा असण्याची शंका घ्यावी लागते, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे पुष्कळदा निर्दोष येतो, त्यामुळे एम.आर.आय. करावा लागू शकतो.

उणिवा आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. संध्याकाळी सहानंतर गर्दी इतकी होते, की दिलेल्या वेळेपेक्षा अर्धा-पाऊण तास थांबणे हे नेहमीचेच. ज्येष्ठ फिजिओथेरपिस्ट एकट्याच. त्या नसतील त्या दिवशी सहायक मुले व्यायाम मोजून घेतात, पण पाऊल कसे पडते आहे याकडे त्यांचे तितके लक्ष नसते, आणि एकदा तर भाच्याकडून मागच्या टप्प्याचेच व्यायाम करून घेतले गेले. घरी करायच्या व्यायामांसाठी जे मोबाइल ॲप दिले जाते, त्यातील सर्व सूचना इंग्रजीत आहेत. भाच्याला अडचण आली नाही, पण शेजारी बसलेल्या मुळशीच्या पैलवानाला त्या कोणीतरी वाचून दाखवाव्या लागत. रविवारी केंद्र बंद असते, आणि नेमके रविवारीच शाळा-महाविद्यालयांतील मुलांना वेळ असतो. दुचाकी लावायला जागा मिळणे हे नशिबावर आहे. चारचाकी आणण्याचा विचार करू नये.

खर्चाचे म्हणाल तर पहिली तपासणी हजार रुपयांच्या आसपास आणि पुढची प्रत्येक भेट ७०० रुपयांची होती. घराजवळच्या केंद्रापेक्षा दर जास्त, पण येथे पॅकेज घ्यायला लावत नाहीत, आणि भेटींमधील अंतर बाईंनी स्वतःच वाढवत नेले. डिसेंबरमध्ये तर आठवड्यातून एकदाच जाणे होई, बाकीचे काम घरी. त्यामुळे एकूण खर्च पहिल्या केंद्राच्या पॅकेजपेक्षा कमीच झाला. पावती नोंदणी क्रमांकासह मिळते. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टला राज्य परिषदेकडे नोंदणी करावी लागते, तेव्हा कोणत्याही केंद्रात गेल्यावर पावतीवर किंवा भिंतीवर तो क्रमांक आहे का, हे पाहून घ्यावे.

भाचा ठरलेल्या दिवशी रुजू झाला. पहिल्या टर्ममध्ये घोट्याने त्याला त्रास दिलेला नाही, सुट्टीत आला तेव्हा दोन्ही पायांचे मोजमाप एकदा करून घेण्यासाठी तो स्वतःहून केंद्रात गेला, आणि भिंतीपासूनचे अंतर दोन्ही पायांचे सारखे भरले. अर्थात एका मुलाच्या अनुभवावरून सर्वांना तसाच परिणाम मिळेल असे म्हणता येणार नाही. लिगामेंट पूर्ण फाटलेला असेल, किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर प्रश्न वेगळा आहे आणि तेथे आधी शल्यविशारदाचे आणि मंडळाच्या निकषांचे पाहावे लागेल.

रुजू होण्याला दोन महिने किंवा अधिक अवधी असलेल्या मुलांनी अशा केंद्रात अवश्य जावे. दोन-तीन आठवडेच उरले असतील, तर तेथे चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. बाई तसे स्पष्ट सांगतातच. सकाळी आठ ते दहा ही वेळ मागून घ्यावी, तेव्हा त्या स्वतः असतात आणि गर्दी कमी असते. जाताना एक्स-रे, अस्थिरोगतज्ज्ञांची चिठ्ठी, अधिसूचनेतील शारीरिक तयारीचे पान आणि पळण्याचे जुने बूट सोबत न्यावेत, कारण तळव्याची झीज कोणत्या बाजूला अधिक आहे, हे त्या पहिल्याच भेटीत उलटून पाहतात.